सोसायटीतील जुन्या वडाची तपासणी आणि देखभाल : पंधरा महिन्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या सोसायटीच्या आवारातील जुन्या वडाची शास्त्रीय तपासणी आणि त्यानंतर वर्षभराची देखभाल यांसाठी पुण्यातील एका खासगी वृक्षसेवा संस्थेला आम्ही पंधरा महिन्यांपूर्वी काम दिले. तपासणी व अहवालाचे अठरा हजार, छाटणी आणि मुळांभोवतीच्या कामाचे बासष्ट हजार, आणि पुढे दोन फेरतपासण्यांचे दहा हजार, असा एकूण नव्वद हजार रुपयांचा करार होता. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ज्या बाबींत त्यांच्याकडून कसूर झाली, त्यांबद्दल आमचा त्यांच्याशी लेखी पत्रव्यवहार सुरू आहे. शिवाय अशी सेवा देणारे आता बरेच जण असल्यामुळे, कोणाकडूनही हे काम करून घेताना काय पाहावे आणि पैसे नेमके कशासाठी मोजावेत, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैच्या एका रात्री वडाची मांडीएवढी जाड फांदी दुचाकींच्या शेडवर कोसळली. कोणाला इजा झाली नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत तट पडले. काहींना झाड मुळासकट काढून टाकायचे होते, काहींना त्याला हातही लावू द्यायचा नव्हता, आणि बहुतेकांना निर्णय दुसऱ्या कोणीतरी घ्यावा असे वाटत होते. याच सुमारास लाकडाचा एक ठेकेदार ‘लाकूड आमचे, तोडणी फुकट, परवानगीचे नंतर बघू’ असा प्रस्ताव घेऊन आला. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि खासगी आवारातील झाडालाही तो लागू होतो, हे सेक्रेटरींनी त्याला सांगितल्यावर तो पुन्हा फिरकला नाही.

खरा प्रश्न विचारला तो आमच्या खजिनदार काकांनी, सर्वसाधारण सभेत. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि भावनेच्या भरात खर्च मंजूर करण्याची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, “नव्वद हजारांत गावाबाहेर शंभर रोपे लावून ती तीन वर्षे जगवता येतील. एक म्हातारे, पोकळ झाड राखल्याने पर्यावरणाला त्याहून अधिक फायदा होतो, हे मला कोणी आकड्यांत दाखवील का?” कोणालाही उत्तर देता आले नाही. म्हणून निदान तपासणीचा खर्च करावा असे ठरले. या सेवेचे मूल्यमापन मी काकांच्या त्या प्रश्नावरूनच करीत आहे.

तपासणीसाठी दोन जण आले आणि जवळजवळ संपूर्ण दिवस थांबले. प्रथम त्यांनी बुंधा लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकून पाहिला. त्यानंतर बुंध्याभोवती ठरावीक अंतरावर संवेदक बसवून, ध्वनिलहरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोचायला किती वेळ लागतो हे मोजले. भरीव लाकडातून ध्वनी लवकर जातो, पोकळी किंवा कुजका भाग असेल तर त्याला वळसा घालावा लागतो, आणि या वेळांच्या फरकावरून संगणक बुंध्याच्या आडव्या छेदाचे चित्र काढतो. ज्या दोन जागा संशयास्पद वाटल्या तेथे सुईसारखे बारीक ड्रिल आत घालून लाकडाच्या विरोधाचा आलेख घेतला. बुंध्याचा घेर साडेपाच मीटर भरला. पूर्वेकडील भागात माणूस हात घालू शकेल एवढी ढोली होती, परंतु तिच्या भोवतालचे भरीव लाकूड त्या भागाच्या त्रिज्येच्या सुमारे ३१ टक्के जाडीचे होते. झाड पोकळ आहे म्हणजे ते पडणारच, हा आमचा सर्वांचा समज येथे गळून पडला. जुन्या झाडाचा गाभा मुळातच मृत लाकडाचा असतो. पाणी वाहण्याचे आणि वाढीचे काम सालीलगतच्या थरांत चालते, आणि वाऱ्याला तोंड देतानाही नळीप्रमाणे बाहेरची भिंतच बहुतेक भार घेते. ही भिंत त्रिज्येच्या साधारण ३० टक्के किंवा त्याहून अधिक जाडीची असेल तर केवळ पोकळपणामुळे झाड धोकादायक ठरवत नाहीत. मात्र हा ठोकताळा गोल, बंद बुंध्यासाठी आहे. पारंब्या एकमेकींत मिसळून झालेल्या वडाच्या वेड्यावाकड्या बुंध्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही, हेही तपासनीसाने स्वतःहून सांगितले. त्या एका वाक्यामुळे त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

धोका होता तो दुसरीकडेच. गेली कित्येक वर्षे पार्किंगमध्ये लोंबतात म्हणून आम्ही वडाच्या पारंब्या नियमितपणे कापत आलो होतो. पारंबी जमिनीत रुजली की तिचा खांब होतो आणि त्या खांबावर आडवी फांदी पेलली जाते. आम्ही खांब होऊ दिले नाहीत, फांद्या मात्र लांबत गेल्या. जी फांदी पडली ती अशीच तेरा मीटर लांबीची, निराधार फांदी होती. त्यातच आधीच्या एका छाटणीत तिच्या आतल्या बाजूची सर्व लहान फांद्या-पाने काढून केवळ टोकाकडचा झुपका ठेवला होता, त्यामुळे सगळे वजन टोकाशी गेले होते. झाड जुने होते म्हणून फांदी पडली नव्हती, आमच्या देखभालीमुळे पडली होती. सभेत हे वाचून दाखवताना सेक्रेटरींचा आवाज बराच खाली आला.

अहवालाचा हा भाग उत्तम होता आणि केवळ त्यासाठी अठरा हजार रुपये दिले असते तरी मला वावगे वाटले नसते. त्याला जोडलेले ‘पर्यावरणमूल्य प्रमाणपत्र’ मात्र निराशाजनक होते. चकचकीत कागदावर, हिरव्या कडेत, झाडाचे वय ११० वर्षे आणि मूल्य ८१ लाख ९५ हजार रुपये असे छापले होते. हा आकडा कोठून आला ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली असे सुचवले होते की झाडाचे मूल्य दरवर्षी ७४,५०० रुपये धरावे आणि त्याला वयाने गुणावे. संस्थेने सरळ गुणाकार केला. त्या ७४,५०० पैकी ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे आहेत, आणि प्राणवायूचा हिशेब हीच या विषयातील सर्वांत कमकुवत बाजू आहे. झाड दिवसा प्राणवायू सोडते हे खरे, परंतु ते स्वतः अहोरात्र श्वसन करते, आणि त्याची पाने व लाकूड पुढे कुजताना किंवा जळताना जवळजवळ तेवढाच प्राणवायू परत वापरला जातो. हवेत २१ टक्के असलेला प्राणवायू आमच्या वडामुळे वाढत नाही आणि तो तोडल्याने आम्ही गुदमरणार नाही. (पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो असे मानणारे आमच्या इमारतीत निम्मे रहिवासी आहेत, प्रकाशाशिवाय कोणत्याही झाडाला ते जमत नाही, हे त्यांना पटवण्याचा नाद मी सोडून दिला आहे.) वयाचे म्हणाल, तर आपल्याकडील वडासारख्या झाडांत थंड प्रदेशातील झाडांप्रमाणे दरवर्षी एक स्पष्ट वलय पडतेच असे नाही, आणि गाभा पोकळ असल्यावर मोजायला वलये उरतही नाहीत. ११० हा घेरावरून बांधलेला अंदाज होता. तो ७० किंवा १४० का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

कर्बाचा हिशेब त्यामानाने प्रामाणिक होता, पण त्याचा अर्थ संस्थेने सांगितला नाही, तो खजिनदार काकांनी काढला. अहवालानुसार वडाच्या लाकडात सुमारे सहा टन कर्ब साठलेला आहे. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत हे सुमारे २२ टन होतात. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे सारे साडेनऊ हजार लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे झाले. आमच्याकडे ४२ गाड्या आहेत. प्रत्येकीला वर्षाला पाचशे लिटर धरले, तर झाडाने जन्मभर साठवलेला कर्ब आमच्या गाड्या साडेपाच महिन्यांत हवेत सोडतात. हे ऐकल्यावर सभेत काही क्षण कोणीच बोलले नाही. वड राखला म्हणून हवामानबदलाच्या बाबतीत आपण आपला वाटा उचलला, असे समाधान मानायला त्यानंतर जागा राहिली नाही.

तथापि याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. जुनी झाडे वाढायची थांबतात आणि म्हणून कर्ब शोषण्याच्या दृष्टीने निरुपयोगी होतात, असे जे म्हटले जाते ते एकेका झाडाबाबत टिकत नाही. ‘नेचर’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०३ जातींच्या ६,७३,०४६ झाडांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि बहुसंख्य जातींत झाड जितके मोठे तितकी त्याची वर्षाला पडणारी लाकडाची भर अधिक, असे आढळले होते. बुंधा जाड झाला की वाढीची वलयरेषा बारीक दिसते, परंतु ती फार मोठ्या परिघावर पसरलेली असते. संपूर्ण जंगलाचे गणित निराळे आहे, कारण तेथे जुनी झाडे मरतात आणि जागा रिकामी होते. आमच्यासमोर जंगल नव्हते, जिवंत आणि वाढता असा एक वड होता. शिवाय तो तोडला असता तर त्याचे लाकूड कोणाच्या घराचे दार झाले नसते. वडाच्या लाकडाला सुतारकामात फारसा मान नाही; ठेकेदाराने ते भट्टीत घातले असते आणि साठलेला कर्ब काही महिन्यांत हवेत गेला असता.

काकांच्या शंभर रोपांशी तुलना केली ती मी, आणि सावलीच्या हिशेबाने केली. वडाच्या पर्णसंभाराचा व्यास २४ मीटर आहे, म्हणजे सावलीचे क्षेत्र सुमारे ४५० चौरस मीटर होते. राज्याच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड हेरिटेज वृक्ष मानले जाते, आणि असे झाड तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपे भरपाईदाखल लावावी लागतात. संस्थेचेच वय प्रमाण मानले तर ११० रोपे झाली. सहा फुटी रोपाचा घेरा मीटरभर व्यासाचा धरला, तर ११० रोपांची मिळून सावली ८६ चौरस मीटर भरते, म्हणजे वडाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. यांतील सर्व जगली आणि वीस वर्षे वाढली, तर ती एकत्रितपणे वडाला मागे टाकतील, हे मी नाकारत नाही. परंतु ती सावली गावाबाहेरच्या माळावर पडेल, आमच्या पेव्हर ब्लॉकवर नव्हे. गेल्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता मी उसन्या आणलेल्या तापमापकाने पाहिले, तेव्हा उन्हातील पेव्हर ब्लॉकचा पृष्ठभाग ५६ अंशांवर आणि वडाखालचा ३६ अंशांवर होता. हवेच्या तापमानातील फरक जेमतेम दोन अंशांचा होता, हेही नमूद करतो, कारण वीस अंशांचा आकडा लगेच व्हॉट्सॲपवर ‘वडाखाली वीस अंश गारवा’ म्हणून फिरू लागला. वॉचमनची खुर्ची मात्र कोणाच्याही आकड्याची वाट न पाहता वर्षानुवर्षे वडाखालीच आहे.

आणि ढोलीचे काय? छाटणीच्या वेळी संस्थेच्या कामगारांनी ती सिमेंटने बुजवायची तयारी केली होती. ही जुनी पद्धत आता चुकीची मानली जाते. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, ओल धरून ठेवते आणि कुजणे थांबवत नाही. तपासनीसाने अहवालात तसे लिहिलेही होते, पण कामाला आलेली टोळी वेगळी होती आणि तिने अहवाल वाचलेला नव्हता. मी त्यांना थांबवले, कारण ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. पिंगळा स्वतः झाड कोरू शकत नाही. त्याला, पोपटाला, साळुंकीला तयार पोकळी लागते, आणि घर करण्याजोगी पोकळी झाडात तयार व्हायला काही दशके जावी लागतात. वडाची फळे हा तर वेगळाच विषय आहे. आसपासची बाकीची झाडे फळांवाचून असतात अशा दिवसांतही वड आणि त्याचे भाऊबंद आळीपाळीने फळतात, त्यावर तांबट, कोकिळा आणि वटवाघळे जगतात, आणि त्या फळांच्या आत वडाचे परागीभवन करणारी एक चिमुकली गांधीलमाशी वाढते जी वडाखेरीज अन्यत्र वाढू शकत नाही. शंभर रोपांच्या यादीत कोणती झाडे होती, असे मी काकांना विचारले. बहुतेक फुलझाडे होती.

कामाच्या दर्जाबद्दल सांगायचे तर ते असमान होते. छाटणीसाठी उद्यान विभागाकडे अर्ज, पाहणी आणि परवानगी हे सर्व संस्थेने व्यवस्थित केले. दोरांवर चढणारे दोघे कुशल होते. त्यांनी बुटांना खिळे लावले नाहीत, त्यामुळे सालीला जखमा झाल्या नाहीत, आणि लांब फांद्यांची टोके आवरून एकूण पर्णसंभार फारसा कमी होऊ दिला नाही. पश्चिम बाजूला मात्र दुसऱ्या दिवशी आलेल्या टोळीने दोन फांद्या बुंध्याला घासून सपाट कापल्या. फांदी जेथून फुटते तेथील फुगीर कड राखून कापले तर झाड जखमेभोवती स्वतः भिंत उभी करते. कड कापून टाकली की ती वाट बंद होते. वर त्या जखमांना काव फासून काम नीटनेटके दिसेल अशी व्यवस्था केली, ज्याचा झाडाला काही उपयोग नाही. सर्वांत जास्त राग आला तो पाच कोवळ्या पारंब्या ‘अस्ताव्यस्त दिसतात’ म्हणून कापल्याचा, कारण पारंब्या जमिनीपर्यंत नेणे हाच कराराचा गाभा होता. लेखी तक्रारीनंतर संस्थेने चूक मान्य केली आणि उरलेल्या पारंब्यांपैकी पाच, मातीने भरलेल्या फाटक्या बांबूंच्या नळ्यांतून विनामूल्य खाली आणून दिल्या.

हा उपाय नवा नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावटाचा मूळ बुंधा बुरशीने सडल्यामुळे १९२५ साली काढून टाकावा लागला. आज तो केवळ पारंब्यांच्या हजारो खांबांवर उभा आहे आणि पसरतो आहे. वडाच्या बाबतीत ‘जुने झाड राखणे’ म्हणजे जुना बुंधा राखणे नव्हे, हे आम्ही त्या उदाहरणावरून शिकलो.

मुळांभोवतीचे काम मला सर्वाधिक मोलाचे वाटले, आणि सोसायटीत त्यालाच सर्वाधिक विरोध झाला. बुंध्यापर्यंत भिडलेले पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा पार काढायचा होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या प्रकरणात बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. संस्थेने तीन मीटर सुचवले, कारण पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळे वरच्या दोन फुटांच्या मातीत आणि फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे पसरलेली असतात. यात दोन गाड्यांच्या जागा गेल्या. पाराबाबत वटपौर्णिमेला पूजेला येणाऱ्या महिलांचे काय म्हणणे पडेल याची कमिटीला धास्ती होती, पण देशमुख काकूंनी तो प्रश्न पाच मिनिटांत सोडवला : सुताने वडाला काही होत नाही, कापूर आणि दिवे मात्र बुंध्यापासून दूर एका दगडावर लावावेत, आणि बाजारातून वडाच्या तोडलेल्या फांद्या आणण्याऐवजी सगळ्यांनी येथेच यावे. कमिटीत एवढ्या झटपट निर्णय होत असते तर फांदी पडण्याची वेळच आली नसती. मोकळ्या केलेल्या मातीवर आता वडाच्याच पालापाचोळ्याचे आच्छादन आहे, आणि गेल्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यात नेहमी साचणारे पाणी साचले नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर तपासणीला पाच, मुळांच्या कामाला चार, छाटणीला अडीच आणि त्या प्रमाणपत्राला शून्य. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी तपासणी आणि छाटणी यांचे करार वेगळे करावेत, तपासणारी व्यक्ती छाटणीच्या दिवशी हजर राहील असे लेखी घ्यावे, आणि कोणत्या फांद्या व पारंब्या कापायच्या नाहीत ते आधी रंगीत फितीने बांधून ठेवावे. छाटणीचा दिवस कामाचा वार असेल, तर सोसायटीतील एखाद्या निवृत्त सभासदाला खुर्ची टाकून बसवावे. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी नव्हते आणि नेमक्या त्याच दिवशी पारंब्या गेल्या.

जूनमधील पहिली फेरतपासणी चार फोन केल्यानंतर ऑगस्टमध्ये झाली. दुसरी डिसेंबरमध्ये व्हायला हवी होती, ती अजून झालेली नाही, म्हणून तिचे पाच हजार रुपये खजिनदार काकांनी रोखून धरले आहेत. पाच नळ्यांपैकी दोनमधील पारंब्या जमिनीत शिरल्या आहेत. त्यांतील एक काकांच्या पार्किंगच्या रेषेत आहे, आणि काकांनी स्वतःहून गाडी फूटभर सरकवून लावायला सुरुवात केली आहे.